गाडी कोणती? आधी विचारा, चालवणार कोण?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका कुटुंबात सलग तीन रविवार एकच विषय गाजत होता. घरातली पहिली गाडी घ्यायची आणि ती लहानच घ्यायची, एवढे ठरले होते. घोडे अडले होते ते गिअरपाशी.

"गिअरची गाडी हीच खरी गाडी. ऑटोमॅटिकसाठी पन्नास हजार जास्त कशाला मोजायचे? तेवढ्यात वरचे मॉडेल येते, मोठा स्क्रीन मिळतो," हे मुलाचे म्हणणे. चिपळूणच्या धाकट्या भावानेही फोनवरून री ओढली, "दादा, त्या भानगडीत पडू नकोस." वडील गप्प होते. सून चहाचे कप गोळा करत होती.

शेवटी सासूबाईंनीच विचारले, "अरे, पण गाडी चालवणार कोण?"

प्रश्न साधा होता, पण तो तीन आठवड्यांत कुणालाच सुचला नव्हता. मुलगा सकाळी लोकल पकडतो तो रात्रीच घरी येतो. वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. त्यांना आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचे, नातीला क्लासला सोडायचे, ही सारी कामे सुनेकडे. तिच्याकडे परवाना आहे सहा वर्षांपासून. पण तो मिळाल्यावर महिन्याभरातच, माहेरची गाडी चालवताना, फ्लायओव्हरच्या चढावर गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला आणि गाडी मागे सरकू लागली. त्या दिवसानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

क्लच कोण दाबणार?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअर यांना जोडण्या-तोडण्याचे काम क्लच करतो आणि क्लच दाबण्याचे काम आपला डावा पाय. रस्ता मोकळा असेल तर त्याचे काही वाटत नाही. पण गाडी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली की दर दहा फुटांवर क्लच, पहिला गिअर, ब्रेक, पुन्हा क्लच! तासाभरात पोटरी भरून येते.

ऑटोमॅटिक म्हणजे हे काम गाडीवर सोपवणे. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ओल्ड्समोबाईल गाडीला असा गिअरबॉक्स १९३९ मध्येच मिळाला होता. आपल्याकडे १९९० च्या दशकात झेन ऑटोमॅटिक आली, पण लहान ऑटोमॅटिक गाड्या मोजक्याच घरांत पोहोचल्या. खरा बदल झाला तो २०१४ मध्ये, मारुतीची सेलेरिओ आली तेव्हा. तिच्यात एएमटी नावाची सोय होती. पुढे क्विड, टियागो अशा अनेक लहान गाड्यांत ती आली.

एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लचही तोच. फरक इतकाच की, क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे छोट्या यंत्राकडे दिलेली असतात. म्हणून ती स्वस्त पडते. म्हणूनच गिअर बदलताना ती किंचित अडखळते, प्रवाशांच्या माना हलतात. गिअर बदलण्याच्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला, तर हा झटका बराच कमी होतो. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी या प्रकारांत गाडी लोण्यासारखी चालते, पण त्यांची किंमत जास्त आणि लहान गाड्यांत त्या कमी मिळतात.

पैशाचा हिशेब

लहान गाडीत एएमटीसाठी साधारण ५० हजार रुपये जास्त पडतात. गाडी सात वर्षे वापरली, तर महिन्याला सुमारे ६०० रुपये. कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे. ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल जास्त, ही समजूत जुन्या गाड्यांवरून पडलेली आहे. एएमटीचे मायलेज मॅन्युअलच्या जवळपासच असते. मात्र एएमटीतही क्लच झिजतो आणि बदलावा लागतो, शिवाय गिअर बदलणारे यंत्र बिघडले तर खर्च वाढतो. म्हणजे ऑटोमॅटिक घेऊन पैसे वाचत नाहीत. पैसे मोजायचे ते आरामासाठी आणि निर्धास्तपणासाठी. तो आराम रोज कामी येणार असेल, तरच सौदा फायद्याचा.

मॅन्युअल कुणी घ्यावी?

चिपळूणच्या भावाचे त्याच्यापुरते बरोबरच होते. त्याचे रस्ते मोकळे, फिरणे वळणावळणाच्या घाटांतून आणि हाताशी गावातला मेकॅनिक. मॅन्युअलची दुरुस्ती कुठेही होते. बॅटरी उतरली तर चार जणांनी धक्का मारला की गाडी चालू होते. एएमटीत या धक्क्यावर भरवसा ठेवता येत नाही. ओव्हरटेक करताना हवा तो गिअर हव्या त्या क्षणी मिळतो तो मॅन्युअलमध्येच. ज्यांचे वर्षाकाठी चालवणे थोडे, त्यातलेही बहुतेक हायवेवर, त्यांनी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

ऑटोमॅटिक घेतलीत तर

• डावा पाय बाजूला ठेवा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच. नवख्यांची गडबड इथेच होते.

• गाडी 'डी'मध्ये असेल तर ब्रेक सोडताच ती पुढे सरकू शकते. इंजिन चालू ठेवून, मुलांना आत बसवून कधीही उतरू नका.

• चढावर थांबताना ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नका. एएमटीचा क्लच त्याने तापतो. हँडब्रेक लावा.

• घाट उतरताना 'एम' निवडून खालचा गिअर ठेवा, म्हणजे इंजिन गाडीला आवर घालते. न्यूट्रल तर मुळीच नको.

• बहुतेक एएमटी गाड्यांना 'पी' म्हणजे पार्किंगची खूण नसते. गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा आणि हँडब्रेक घट्ट ओढा.

चौथा रविवार

चौथ्या रविवारी सगळे शोरूममध्ये गेले. विक्रेत्याने मागच्या शांत गल्लीत फेरी मारून आणण्याची तयारी दाखवली. सून म्हणाली, "नको. संध्याकाळी सहाला येऊ आणि फ्लायओव्हरवरून जाऊ." ती पहिल्यांदाच काहीतरी बोलली होती.

संध्याकाळी ती चालकाच्या जागी बसली, शेजारी विक्रेता, मागे सासरे आणि नवरा. चढावर गर्दी तुंबली. गाडी थांबली. तिने हँडब्रेक ओढला. पुढची गाडी हलताच ॲक्सिलरेटर हळूच दाबत तो सोडला. गाडी पुढे निघाली. मागे कुणी हॉर्न वाजवला नाही असे नाही, पण या वेळी तिने आरशात पाहून शांतपणे गाडी पुढे नेली.

"थोडे झटके देते हं ही," नवरा मागून म्हणाला.

"देऊ दे," सासरे म्हणाले. "सूनबाई, मंगळवारची वेळ सकाळी अकराची आहे. रिक्षाला सांगू नकोस."

त्यांनी वरचे मॅन्युअल मॉडेल सोडून मधले एएमटी मॉडेल घेतले. पैसे जवळपास तेवढेच लागले. मोठा स्क्रीन तेवढा राहिला.

गाडी घेताना मायलेज पाहावे, किंमत पाहावी, पुन्हा विकताना काय येईल तेही पाहावे. पण सर्वांत आधी घरात पाहावे. ज्याच्या हाती ती रोज असणार, त्याला किंवा तिला काय वाटते ते विचारावे. नाहीतर गाडी दारात उभी राहते आणि रिक्षा शोधायची ती शोधावीच लागते.