बुडालेल्या शिवाराचीं छायाचित्रें

आषाढ सरून श्रावण लागला कीं आमच्या टपालांत छायाचित्रांची भर पडूं लागते. पाठविणारे बहुतेक शेतकऱ्यांचेच मुलगे, कांहीं मुलीही. कोणी शहरांत नोकरीस असून पावसाळ्यांत गांवीं आलेले, कोणी शेत सांभाळून हा नाद करणारे. चित्रांचा विषय जवळजवळ ठरलेला असतो. नदी पात्र सोडून शिवारांत आलेली, पाण्यांत उभीं राहिलेलीं बाभळीचीं झाडें, त्यांचीं उलटीं प्रतिबिंबें, आणि वर ढगांचा पसारा. ह्यांतलीं निवडक चित्रें आम्ही वेळोवेळीं छापितों व संघाच्या दिवाणखान्यांत मांडितों. तेथें एखाद्या रविवारीं हौशी मंडळी जमून परस्परांच्या चित्रांवर टीका करितात. हा परिपाठ आम्हांस आवडतो. परंतु मागें एका सभासदांनीं आम्हांस पत्र लिहून विचारिलें कीं, "आमचें पीक पाण्याखालीं गेलें, आणि तुम्ही त्याची शोभा काय पाहतां?" पत्र रागानें लिहिलेलें आहे, पण त्यांतला प्रश्न टाळण्यासारखा नाहीं.

प्रथम एक प्रसंग सांगतों. 2019 सालच्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांना आलेला महापूर वाचकांच्या स्मरणांत असेलच. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी 45 फूट समजतात. तेथें त्या वेळीं पाणी 57 फुटांच्या वर गेलें. कोल्हापूरजवळ शिरोळीपाशीं महामार्ग कित्येक दिवस बंद होता. धरणांतून पाणी केव्हां सोडलें आणि अलमट्टीचा दोष किती, हा वाद येथें नको. त्या पुराचें एक मोठें रंगीत चित्र आमच्या दिवाणखान्यांत लागलें होतें. संध्याकाळची वेळ, स्थिर तांबूस पाणी, त्यांतून वर आलेली उसाच्या पाल्याची हिरवी रांग, आणि एका विजेच्या खांबावर बसलेला बगळा. टीका सुरू झाली. एकानें म्हटलें, क्षितिज उजवीकडे किंचित कललें आहे. दुसऱ्यानें बगळ्याच्या जागेची वाखाणणी केली. तिसऱ्यास पुढच्या बाजूचें पाणी रिकामें वाटलें. शिरोळकडील एक वयस्क शेतकरी बराच वेळ चित्रापुढें उभे होते. त्यांनीं छायाचित्रकाराकडे वळून एवढेंच विचारिलें, "शेंडा बुडाला हुता का रं, पोरा?"

त्या तरुणास उत्तर देतां येईना. चित्र त्यानें रस्त्याच्या भरावावरून पांच मिनिटांत घेतलें होतें. ऊस कोणाचा, पाणी किती दिवस होतें, पुढें त्याचें काय झालें, ह्यांतलें त्यास कांहींच ठाऊक नव्हतें. मंडळी थोडी हंसली आणि पुढच्या चित्राकडे वळली. आमच्या मतें त्या सकाळीं झालेली खरी टीका तीच होती, आणि तिच्याकडेच कोणी लक्ष दिलें नाहीं.

उसाचें मर्म वाचकांस सांगावयास नको. पण ज्यांचा हात नांगरास लागलेला नाहीं अशा चित्रकारांसाठीं दोन शब्द. पाण्यावर दिसतो तो पाल्याचा झुबका. वाढीचा कोंब त्याच्या खालीं हात-दोन हातांवर पोंग्यांत असतो. म्हणजे पाला डोलत असतां कोंब पाण्यांत गुदमरलेला असूं शकतो. पाणी पोंग्याच्या खालींच राहून चार-सहा दिवसांत ओसरलें, तर ऊस पिवळा पडूनही बहुधा सावरतो. तोच पोंगा आठ-दहा दिवस बुडाला आणि त्यांत गाळ बसला, म्हणजे कोंब कुजतो; मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा निघतात, पेऱ्यांना मुळ्या सुटतात, वजन घटतें आणि साखरेचा उतारा पडतो. पांगशा फुटलेला असा फड दुरून चांगला हिरवागार दिसतो! सोयाबीन व हळद ह्यांची गोष्ट याहून वाईट, कारण सोयाबीन पाण्यांत दिसेनासेंच होतें, आणि हळदीचा कंद जमिनींत कुजत असतां वरचें पान कांहीं दिवस तसेंच राहतें. तेव्हां "हिरवी रांग" ही ज्या चित्रांतली मुख्य शोभा, तें चित्र पाहणारास सहज सांगून जातें कीं ऊस वांचला. चित्रकाराचा खोटें बोलण्याचा हेतु नसतो. पण चित्र खोटें बोलतें.

त्यांत हल्लींच्या यंत्रांचा हातभार आहे. बरेच मोबाईल हिरवा व निळा रंग आपण होऊन गडद करितात. पाण्यानें पिवळा पडलेला पाला त्यांतून तजेलदार होऊन बाहेर येतो. पाहणारास तें आवडतें आणि चित्रकारासही. पण ज्या पिवळेपणावरून शेतकरी पिकाची नाडी पाहतो, तोच पुसला जातो. म्हणून रंग वाढविणारी सोय बंद ठेवून चित्र घ्यावें, आणि मागाहून घरीं बसून रंग चढवूं नये, असा आमचा आग्रह आहे. काळ्या-पांढऱ्या चित्रांची फॅशन पुन्हा आली आहे. तिच्यांत हिरवें आणि पिवळें ह्यांतला भेद मुळींच उरत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां पत्रलेखकांच्या रागाविषयीं. पुराच्या पाण्याकडे शोभा म्हणून पाहूंच नये, असें त्यांचें म्हणणें असेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. नरसोबाच्या वाडीस नदीचें पाणी देवळांत शिरून पादुकांवरून दक्षिण दारानें बाहेर पडूं लागलें, म्हणजे लोक त्या पाण्यांत स्नानास धांवतात. त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. तो सोहळा मानणाऱ्यांत ह्याच नदीकांठचे, ह्याच पुरांत पीक घालविणारे शेतकरी असतात. नदीकांठची मळई पुरानेंच घडविलेली आहे, आणि पाणी बेतानें येऊन बेतानें गेलें तर मागें पोयटा ठेवून जातें, हेंही आपल्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाण्यानें भरलेलें शिवार पाहून शेतकऱ्याच्या छातींत धडकी भरते, आणि त्याच क्षणीं त्याची नजर त्यावरून हलतही नाहीं. हें दोन्ही खरें आहे. आमची तक्रार शोभेविरुद्ध नसून, शोभेसाठीं जमीन ओळखूं येईनाशी करण्याविरुद्ध आहे.

जमीन ओळखूं कशी येते? खुणांनीं. बांधावरची बाभूळ, विहिरीचा कठडा, मोटारीची कोठी, विजेचा खांब, देवळाची पायरी. हौशी टीकाकार ह्यांतल्या पुष्कळ वस्तूंस चित्रांतली अडगळ समजतात. "तो खांब काढून टाकला असता तर बरें झालें असतें," असें आम्हीं अनेकदां ऐकिलें आहे, आणि हल्लीं तो खरोखरच बोटाच्या एका फटकाऱ्यासरशीं काढून टाकितां येतो. पण पाणी कमरेइतकें होतें कीं पुरुषभर होतें हें सांगणारा चित्रांतला एकटा साक्षीदार तो खांब असतो. तो काढिला म्हणजे राहिलें तें कोणत्याही तळ्याचें चित्र. पहिल्या टीकाकाराचा कललेल्या क्षितिजाचा आक्षेप मात्र आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि तो केवळ सौंदर्याचा नाहीं. स्थिर पाण्याची रेघ म्हणजे निसर्गानें दिलेली पाणसळ. तीच तिरपी आली तर कोणत्या बांधावर पाणी किती चढलें हें ताडून पाहण्याची सोय गेली.

चकाकीचेंही तसेंच. पाण्यावरची चकाकी हें अशा चित्रांचें मोठें आकर्षण, पण तिच्याखालीं काय आहे तें ती लपविते. छायाचित्रकारांजवळ पोलरायझर नांवाची एक फिरती कांच असते. पाण्याच्या पृष्ठाशीं सुमारें 37 अंशांचा कोन साधून ती फिरविली, तर परावर्तित उजेड बराचसा निघून जातो. पुराच्या गढूळ पाण्यांत तरीही तळ दिसणार नाहीं. परंतु पाण्याचा खरा रंग दिसतो, आणि तांबडा गाळ घेऊन येणारें पाणी कोणतें व शेतांत नुसतें तुंबलेलें पाणी कोणतें, हें त्यावरून समजतें. कांच नसल्यास उंचवट्यावर उभें राहून थोडें खालच्या रोखानें चित्र घ्यावें. आकाश फार उजळ असल्यामुळें जमीन काळीठिक्कर येते, ही तक्रारही नेहमींची. मोबाईलच्या पडद्यावर आकाशाऐवजीं पिकावर बोट ठेविलें तर उजेडाचा हिशेब पिकासाठीं होतो, आणि ढग थोडे फिके आले तर येऊं द्यावे.

ड्रोनमधून घेतलेल्या चित्रांचें सध्यां फार कौतुक आहे. नदीनें कोणती वाट धरली, कोणत्या वस्तीस वेढा पडला, हें वरून जसें कळतें तसें कोठूनच कळत नाहीं, हें खरें. पण सरळ वरून पाहिल्यास खोली नाहींशी होते. वीतभर पाण्यांतलें शेत आणि दोन पुरुष पाण्यांतलें शेत ह्यांचे सारखेच तपकिरी चौकोन दिसतात. असें चित्र एकट्यानें मांडूं नये. त्याच्या शेजारीं बांधावरून घेतलेलें एक तरी असावें.

ह्या बाबतींत आमचाही एकदां फजिता झाला आहे. 2019 च्याच पुरांत आम्हीं आमच्या मळ्याचें घेतलेलें एक चित्र मित्रमंडळींत फार वाखाणलें गेलें. पुढें नुकसानीच्या चौकशीच्या वेळीं तेंच मोठ्या ऐटीनें एका कचेरींत नेलें. तेथील कारकुनानें तें नीट पाहिलें, चांगलें आहे म्हणाला, आणि विचारिलें, "हा गट कोणता?" चित्रांत पाणी, आकाश व आमच्या शेजाऱ्याच्या आंब्याचा अर्धा शेंडा एवढेंच होतें. तारीख नव्हती, खूण नव्हती. विहिरीचा कठडा आम्हीं मुद्दाम चौकटीबाहेर ठेविला होता, कारण तो ओबडधोबड दिसत होता. मोबाईल चित्राबरोबर वेळ व ठिकाण टिपून ठेवितो, पण चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जातां जातां ती माहिती बहुधा गळून पडते, हें आम्हांस तेव्हां कळलें. मदतीसाठीं पिकाचें नुकसान 33 टक्के वा अधिक असावें लागतें. तें ठरवितो पंचनामा, चित्र नव्हे. पण पंचनामा करणारा पाणी ओसरल्यावर येतो, आणि पाणी कोठवर होतें हें त्यास दाखविण्यास दुसरें काय असतें?

पाणी ओसरल्यावरचा हा काळच आमच्या चित्रसंग्रहांत नाहीं. पाणी सर्वांत जास्त असतें त्या दिवशीं पुलावर छायाचित्रकारांची दाटी होते. पंधराव्या दिवशीं त्या शिवारांत कोणी फिरकत नाहीं. शेतकऱ्याचें खरें नुकसान तर तेव्हां उघडें पडतें. गाळानें माखलेला आडवा ऊस, खरवडून गेलेला बांध, वाळूखालीं गेलेली विहीर, उघडीं पडलेलीं मुळें. केंद्र सरकारनें 2022 ते 2026 ह्या काळासाठीं ठरविलेल्या आपत्ति-साहाय्याच्या निकषांत शेतांत 3 इंचांहून अधिक जाडीचा गाळ वा वाळू सांचली असल्यास ती काढण्यासाठीं हेक्टरीं 18,000 रुपये धरले होते. तीन इंच म्हणजे किती, हें दाखविणारें, गाळांत खूण केलेली काठी उभी करून घेतलेलें एकही चित्र आमच्याकडे आजवर आलेलें नाहीं. तें सुंदर असणार नाहीं हें कबूल. पण पुरापूर्वीचें, पुरांतलें आणि गाळांतलें अशीं एकाच जागीं उभें राहून घेतलेलीं तीन चित्रें शेजारीं लाविलीं, तर त्यांपुढून माणूस लवकर हलणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

एका गोष्टीविषयीं मात्र आम्ही कठोर होणार आहों. 8 ऑगस्ट 2019 रोजीं पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें बाहेर काढणारी नाव उलटली आणि कित्येकांचे प्राण गेले. पुराच्या वेळीं नावेंतली प्रत्येक जागा ही कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईची जागा असते. अशा नावेंत बसून घेतलेलें हौशी चित्र, मग तें कितीही अपूर्व असो, आम्ही छापणार नाहीं व मांडणारही नाहीं. तसेंच ज्याचें घर वा गोठा पडला, त्यास विचारल्याशिवाय त्याच्या पडक्या भिंतीपुढें यंत्र रोखूं नये. आमच्या पत्रलेखकांचा राग मुख्यतः ह्याच कारणाचा असावा असें त्यांच्या पत्रांतील एका ओळीवरून वाटतें, आणि तेवढ्यापुरता तो सर्वस्वीं रास्त आहे.

पुढील अंकासाठीं चित्रें पाठविणारांनीं पाठीमागें शाईनें गांव, गट क्रमांक, तारीख व वेळ लिहावी; कोठें उभें राहून चित्र घेतलें तें लिहावें; शेत ज्याचें त्याची संमति घेतल्याचें लिहावें; पीक कोणतें, पाणी किती दिवस होतें, आणि ऊस असल्यास शेंडा बुडाला होता कीं नाहीं, हें शेताच्या मालकास विचारून लिहावें. रविवारच्या बैठकीस शिरोळच्या त्या गृहस्थांसही आम्हीं बोलाविलें आहे. पेरण्या आटोपल्या तर येतों, असें त्यांनीं कळविलें आहे.