भाव झाकला म्हणून भीती जात नाही

खडवलीच्या बैठकीपुढे वायदेबंदीचा विषय आहे. 'आपण भातसाकाठचे भातशेतकरी, मुंबईतल्या सट्ट्याशी आपला काय संबंध?' असे काहीजण विचारतात. संबंध आहे. 20 डिसेंबर 2021 रोजी सेबीने सात शेतमालांचे वायदे थांबवले, त्यांत बिगर-बासमती भातही होता. बाकीचे गहू, हरभरा, मूग, मोहरी, सोयाबीन आणि कच्चे पामतेल. बंदी एका वर्षाची म्हणून आली आणि मुदतवाढ घेत घेत मार्च 2026 पर्यंत गेली. वायदा गेला की त्यावर उभा राहणारा ऑप्शनही जातो.

ऑप्शन म्हणजे ठरल्या मुदतीत, ठरल्या भावाने माल विकण्याचा किंवा घेण्याचा हक्क. सक्ती नाही. त्या हक्काची आगाऊ किंमत म्हणजे प्रीमियम. मुंबईच्या जुन्या बाजारात याच सौद्यांना तेजी-मंदी म्हणत. 1939 साली मुंबई सरकारने कापसातले हे सौदे बंद केले, 1952 च्या कायद्याने ते देशभर बंद झाले. वाट मोकळी झाली ती थेट 2017 साली.

या प्रीमियममध्ये बाजाराच्या मनातली भीती लिहिलेली असते आणि ती वाचता येते. हिशेबासाठी आकडे मनाचे घेऊ. सुगीनंतर भात 2000 रुपये क्विंटलने विकण्याचा हक्क 60 रुपयांना मिळतो, 1900 ने विकण्याचा 30 रुपयांना. पहिला हक्क घेतला आणि दुसरा विकला, तर खिशातून गेले 30. भाव 1900 च्या खाली गेला तर हातात येतात 100. 2000 च्या वर राहिला तर काहीच नाही. शंभराच्या डावाला बाजार तीस रुपये मागतो, म्हणजे भाव साधारण 1950 च्या खाली जाण्याची शक्यता तो दहात तीन धरतो. असे एकेका भावाचे हक्क तपासले की पुढच्या भावाचे सगळे चित्र उभे राहते.

हे भविष्य नव्हे. ज्याला बुडण्याची धास्ती, तो हक्कासाठी जास्त मोजतो. म्हणून आकड्यात अंदाजाबरोबर धास्तीही मिसळलेली असते. गिऱ्हाईक थोडे असेल तर आकडा फसवाही असतो. पण पेरणीआधी काहीच माहीत नसण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

अमेरिकेत मक्याच्या उत्पन्न विम्याचा हप्ता ठरवताना शिकागोच्या ऑप्शन बाजारातून निघणारा चढउताराचा अंदाज धरला जातो. आपल्याकडे शेअरवाल्यांसाठी निफ्टीच्या ऑप्शनवरून 'इंडिया व्हिक्स' हा भीतीचा आकडा रोज निघतो. मार्च 2020 मध्ये तो 80 च्या वर गेला होता. तेव्हा तो आकडा कोणी बंद केला नाही. शेअरवाल्याला तापमापक आणि शेतकऱ्याचा ताप वाढला की तापमापकच फोडायचा, हा कुठला न्याय?

वायद्यामुळे महागाई होते, असे सरकार सांगते. 2007 च्या आरंभी तूर, उडीद, गहू आणि तांदूळ यांचे वायदे याच कारणाने बंद केले. त्यानंतर नेमलेल्या अभिजित सेन समितीला 2008 च्या अहवालात तसा निर्णायक पुरावा सापडला नाही. बंदी आली ती शहरी गिऱ्हाइकाची ओरड शांत करायला. व्यापाऱ्याचे तीत अडत नाही. त्याला फोनवर दहा बाजारांची खबर मिळते. आंधळा राहतो तो एकटा शेतकरी.

म्हणून बैठकीने तीन मागण्यांचा ठराव करावा. एका रात्रीत वायदे बंद करण्याचा अधिकार सेबीकडे राहू नये. शेतमालाच्या ऑप्शनवरून निघणारा भावाचा अंदाज पेरणीपूर्वी मराठीत, तालुक्याच्या बाजार समितीच्या फळ्यावर लागावा. शेतकरी कंपन्यांना गावाचा माल एकत्र करून विक्रीचा हक्क घेता यावा.

आम्हाला सरकारची भीक नको. बाजार काय म्हणतो, ते आमच्या कानांनी ऐकू द्या.