जुनी व्हॅन घेताना खिशात चुंबक ठेवा

फंडाच्या पैशातून मुलाला धंद्यासाठी जुनी मारुती ओम्नी घेऊन द्यायची, असा बेत पुष्कळ घरांत होतो. ही गाडी २०१९ साली बनायची बंद झाली, म्हणजे मिळेल ती वापरलेलीच. बंधूंनो, चकचकीत रंगाला भुलू नका. साधे चुंबक पातळ कपड्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेला, चाकांवरच्या गोलाईला लावा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे.

मग आतली रबरी मॅट उचला. मालक कुरकुरेल, कुरकुरू द्या. पावसाचे पाणी मॅटखाली मुरते आणि तळाचा पत्रा खाते. समुद्राकाठची गाडी असेल तर खाऱ्या हवेने अधिकच. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत चिखल साचतो, तीही बघा.

वरवरचा गंज घासून रेड ऑक्साईड मारला की आटोक्यात राहतो. परंतु मागचे पाटे बॉडीला जोडलेले असतात तिथला पत्रा टोचल्यावर दबत असेल, तर ती गाडी स्वस्तातही नको. माल भरल्यावर सगळा भार तिथेच येतो.

गंज न काढता त्यावर डांबरी लेप मारून देणाऱ्याला तर लांबूनच हात जोडा. ओल आत कोंडते. गाडी घेतलीच, तर दाराच्या तळाची पाणी जायची भोके पावसाळ्याआधी काडीने मोकळी करा.