खारे वारे उशिरा येतात तेव्हा

थंडी पडली की आमच्या चेंबूरच्या गच्चीवरून ट्रॉम्बेची टेकडी दिसेनाशी होते. आई सकाळी उठून आधी तिकडे बघते आणि मग पंप उशाशी आहे ना, ते चाचपते. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस टेकडी नव्हती.

दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे, रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे, हे आपण शाळेत पाठ केलं. आपल्या छातीतली हवा त्यावर अवलंबून आहे, हे मला आईच्या दम्याने शिकवलं. हिवाळ्यात रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार थर राहतो. पातेल्यावर झाकण बसावं तसं. दुपारी हजारभर मीटर उंचीपर्यंत मिसळणारा धूर रात्री शे-दोनशे मीटरांत कोंडतो. त्यातच मतलई वारा तळोजा-कल्याणकडची हवा इकडे ढकलतो. महापालिकांच्या हद्दी त्याला अडवत नाहीत. खारा वारा वेळेवर आला तर दुपारपर्यंत सगळं विरतं. उशिरा किंवा मंद आला, की कालची घाण आजच्या घाणीत मिसळते.

2022-23चा हिवाळा आठवतो? ला निनाचा तो लागोपाठ तिसरा हिवाळा. वाऱ्यांचं नेहमीचं चक्र बिघडलं आणि मुंबईची हवा कित्येक दिवस वाईट राहिली. ‘हवामानामुळे झालं’ असं तेव्हापासून फार ऐकतो आणि दरवेळी मला राग येतो. वारा पडतो, पण धूळ आणि धूर आपले असतात. खोदलेले रस्ते, पाडलेल्या इमारती, डिझेल, लाकडावरच्या भट्ट्या, देवनारला 2016च्या जानेवारीत दिवसेंदिवस धुमसलेला कचरा.

ऑक्टोबर 2023मध्ये महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे आणि पाण्याचे फवारे सक्तीचे केले. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. चांगलंच झालं. पण आमच्या शेजारच्या साइटवरचा फवारा महिनाभर बंद आहे. आणि तपासणी हिवाळ्यातच का? जुलैत पाऊस हवा धुऊन काढतो म्हणून कुणी फिरकत नाही. रेतीचे डंपर तेव्हाही उघडेच धावतात. खरं काम त्या महिन्यांत व्हायला हवं.

त्याच साइटवर रात्री शेकोटी पेटते. प्लायवूडचे तुकडे, प्लास्टिक, जे मिळेल ते. परवा तक्रार करायला गेलो, तर तीन मजूर पत्र्याच्या खोपटाबाहेर एका चादरीत बसलेले. सोसायटीतून जुन्या रजया गोळा करून दिल्या. शेकोटी अजून पेटते, पण लवकर विझते.

आज साडेतीनला वारा फिरला. पडदा हलला, टेकडीची कड दिसू लागली. आई खिडकीशीच होती. म्हणाली, “आज फार उशीर केला रे त्याने.”