जें उणें, तेंच आधीं पाहावें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबांची थोडीबहुत शेती गांवीं असते. एखादे बंधु किंवा चुलते ती पाहतात, शहरांतील मंडळी मृगाच्या सुमारास खतासाठीं पैसे पाठवितात, आणि त्या पैशांचीं युरियाचीं पोतीं घरीं येतात. पीक हिरवेंगार दिसूं लागलें म्हणजे पैसा सार्थकीं लागला असें सर्वांस वाटतें. पुढें खळ्यावर मात्र धान्य अपेक्षेहून कमी भरतें, आणि मग पाऊस, बियाणें, मजूर, क्वचित् शेती पाहणारा भाऊसुद्धां दोषी ठरतो. असा दोष देण्यापूर्वीं एक साधा प्रश्न विचारावा असें आम्हांस वाटतें : पिकाला जें हवें होतें, तेंच आपण त्याला दिलें काय?

वनस्पतींस सतरा मूलद्रव्यें अवश्य लागतात असें आजचें शास्त्र मानतें. त्यांपैकीं कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हीं हवा आणि पाणी यांपासून मिळतात. उरलेलीं चौदा मुख्यतः जमिनींतून घ्यावीं लागतात. नत्र, स्फुरद व पालाश हीं अधिक प्रमाणांत. कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक हीं मध्यम प्रमाणांत. आणि लोह, मंगल, जस्त, तांबें, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल हीं अत्यल्प. एखादें द्रव्य 'अवश्य' केव्हां म्हणावें, याच्या कसोट्या आर्नन व स्टाऊट या शास्त्रज्ञांनीं १९३९ सालीं घालून दिल्या. त्यांतील एक अशी कीं, त्या द्रव्याचें काम दुसऱ्या कोणत्याही द्रव्याकडून होऊं नये. आमच्या विषयाचें सारें मर्म या एका कसोटींत आहे.

एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील श्प्रेंगेल व त्याच्या मागून लीबिग या रसायनशास्त्रज्ञांनीं हाच विचार नियमाच्या रूपानें मांडला. पिकाची वाढ किती व्हावी हें भरपूर असलेल्या द्रव्यावर ठरत नाहीं. गरजेच्या मानानें जें सर्वांत उणें असेल, तेंच तिची सीमा ठरवितें. आमच्या गृहिणींस हा नियम निराळा शिकविण्याचें कारण नाहीं. आमटींत मीठ पडलें नसेल, तर दुप्पट डाळ घालून ती उणीव भरत नाहीं.

याचें उत्तम उदाहरण हिमालयाच्या पायथ्याशीं असलेल्या तराईंत पाहावयास मिळालें. जंगल तोडून लागवडीस आणलेली ही जमीन सुपीक. तेथेंच पंतनगरला १९६० सालीं देशांतील पहिलें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. या भागांत भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी डाग पडत व रोपें खुजीं राहत. डागांचा रंग कातासारखा, म्हणून लोक या विकारास 'खैरा' म्हणत. रोग म्हटला कीं बुरशी किंवा जंतु शोधावयाचे, ही नेहमींची रीत. परंतु तेथील वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. य. ल. नेने यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें कीं, हा कोणत्याही जंतूचा प्रताप नसून पिकाला जस्त मिळत नाहीं, एवढेंच त्याचें कारण आहे. हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट व अडीच किलो विझविलेला चुना हजार लिटर पाण्यांत मिसळून फवारणें, हा उपाय पुढें रूढ झाला.

येथें प्रमाण लक्षांत घेण्याजोगें आहे. हेक्टरी पांच टन भात पिकलें, तर तें पीक जमिनींतून सुमारें शंभर किलो नत्र उचलतें, आणि जस्त उचलतें तें पाव किलोच्या आसपास! पण तेवढें पाव किलो मिळालें नाहीं, तर त्या शंभर किलोंचा उपयोग होत नाहीं. जस्त जमिनींत असूनही मुळांस मिळेलच असें नाहीं. चुनखडीच्या जमिनींत तें अडकून पडतें, खाचरांत पाणी सांचून राहिलें कीं ही अडचण वाढते, आणि स्फुरद अति झाल्यास आणखीच वाढते. आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत लोहाचीही अशीच गत होते. उसाच्या खोडव्यावर दिसणारा केवडा पुष्कळदां लोहाच्या उणिवेचाच असतो.

उणीव कोणती, हें पीक आपल्या परीनें सांगत असतें. नत्र कमी पडलें कीं खालचीं जुनीं पानें आधीं पिवळीं पडतात. कारण नत्र जुन्या पानांतून निघून कोवळ्या शेंड्याकडे जातें. घरांत अन्न थोडें असलें म्हणजे वडील माणसें आपल्या पानांतलें मुलांस वाढतात, तसाच हा प्रकार. लोह मात्र एकदां बसलें तेथून सहसा हालत नाहीं. म्हणून त्याच्या उणिवेंत जुनीं पानें हिरवीं राहतात, कोवळीं पिवळीं होतात, आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. पिवळेपणा दोहोंत आहे. पण पहिल्यास युरिया हें औषध, आणि दुसऱ्यास तो व्यर्थ खर्च.

युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें, आणि सरकारी अर्थसाहाय्यामुळें तो स्वस्तही मिळतो. म्हणून हात तिकडेच वळतो. परंतु नत्र अति झालें कीं पीक माजतें, किडीस बळी पडतें, उशिरां पिकतें व वाऱ्यानें लोळतें. मग केवळ शेणखतावर भागेल काय? शेणखतांत बहुतेक सर्व द्रव्यें थोडथोडीं असतात व त्यानें जमीन भुसभुशीत राहते. पण चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या एका टनांत नत्र पांच किलोंच्या आसपासच असतें. तेव्हां दोहोंचें वैर लावूं नये.

खताचें महत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. खताविना वाढलेलें धान्य फळ धरीत नाहीं, असें कृषिपराशरांत सांगितलें आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदांत कुणपजल नांवाचें द्रवरूप खत वर्णिलें आहे. या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतून मिळवून ती १९९६ सालीं इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध करविली, ती खैऱ्याचें मूळ शोधणाऱ्या डॉ. नेने यांनींच! आम्हां संस्कृत शिकलेल्यांनीं यांतून इतकाच बोध घ्यावा कीं, पोथीचा आदर धरावा, पण जस्त तिच्यांत न शोधतां मातींत शोधावें.

तें शोधणें कठीण नाहीं. पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वीं, शेतांत आठ-दहा ठिकाणीं सुमारें वीतभर खोल खड्डे घ्यावे व त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून प्लास्टिकच्या घमेल्यांत एकत्र मिसळावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावे, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत असेंच करावें. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा टाळावा. ही माती सावलींत वाळवून तपासणीस द्यावी. २०१५ सालीं सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टींची नोंद असते. त्यांत जस्त, लोह व बोरॉन हींही येतात.

तेव्हां पुढील मृगापूर्वीं गांवीं खताचे पैसे पाठविणाऱ्यांनीं माती तपासणीच्या खर्चाचे चार पैसे आधीं पाठवावे, आणि अहवाल आल्यावर तो सर्वांनीं मिळून वाचावा. शेतांत राबणाऱ्या भावावर अविश्वास म्हणून नव्हे, तर त्याच्यावर नाहक ठपका येऊं नये म्हणून.