पेढीचे शिक्षण आणि पडद्यावरचा धडा

जुलै २०१७ हा महिना लातूरच्या गंजगोलाईतील दुकानदारांच्या आणि नांदेडच्या नव्या मोंढ्यातील आडत्यांच्या स्मरणात राहिला तो वस्तू व सेवा करामुळे. खतावणीवर तयार झालेल्या हातांना विवरणपत्र संगणकावर भरावयास शिकणे भाग पडले. त्याच महिन्याच्या २५ तारखेस अ‍ॅडोबी कंपनीने जाहीर केले की, फ्लॅश प्लेअर २०२० अखेर बंद होईल. मोंढ्यात या वार्तेची चर्चा होण्याचे कारण नव्हते. परंतु ऑनलाइन शिक्षणाशी तिचा संबंध निकटचा होता.

फ्लॅश हे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेला पूरक भाग. ब्राउझर स्वतः चित्रफीत दाखवू शकत नसे, त्या काळी असंख्य ऑनलाइन धडे त्यावरच बेतले गेले. मात्र ही वखार आपली आणि किल्ली परक्याची, अशी स्थिती होती. २००७ साली आलेल्या आयफोनने फ्लॅश कधीच स्वीकारले नाही. त्यातील सुरक्षेच्या फटींतून संगणकात शिरकाव होई. फ्लॅश अद्ययावत करण्याच्या खोट्या सूचनाही फसवणुकीस वापरल्या जात. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनेच धडे दाखविणे थांबविले.

दुसरा मार्ग तोवर सिद्ध झाला होता. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल ५ हे अधिकृत मानक ठरले आणि चित्रफीत दाखविणे हे ब्राउझरचे स्वतःचे काम झाले. जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबनेही हाच मार्ग मुख्य मानला.

पेढीवरील मुनीम, नवी सून वा शिकाऊ मुलगा यांच्यासाठी धडे करवून घेणाऱ्याने म्हणूनच काही गोष्टी आधी ठरवाव्यात. चित्रफीत एमपी४ स्वरूपात असावी व साध्या मोबाइलवर काही न जोडता चालावी. सेकंदाला एक मेगाबिट या दराने केलेला दहा मिनिटांचा धडा सुमारे ७५ एमबी होतो. खेड्यातील खरेदी केंद्रासाठी निम्म्या दराची प्रतही ठेवावी. मराठी उपशीर्षके निराळ्या फाइलमध्ये असावीत, म्हणजे नियम बदलताच ती सुधारता येतात. केवळ चित्रफितीने प्रश्नोत्तरे होत नाहीत; त्यासाठी वेगळी रचना करावी लागते, तिचा खर्च आधीच विचारावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ फाइली पेढीच्या ताब्यात घ्याव्यात. जुन्या फ्लॅश धड्यातील चित्रफीत बहुधा रूपांतरित करता येते. त्यातील प्रश्नांची गुंफण मात्र मूळ फाइलीवाचून पुन्हा उभारणे कठीण जाते.

कित्येक घरांतील जुन्या पेट्यांत मोडीतील कागद आजही आहेत. अक्षर सुबक, हिशेब चोख. पण वाचणारा घरात कोणी उरला नाही. वृद्ध मुनिमाचे ज्ञान आज पडद्यावर उतरविताना एवढे पाहावे, की नातवाला ते उघडता यावे.