खपलीचा रखवालदार



जानेवारीतली गोष्ट. सोमवारी सकाळी मी हजेरी घेत होते. चौथीतला एक मुलगा उशिरा आला आणि जागेवर न बसता सरळ माझ्या टेबलापाशी आला. हातात गव्हाचं पान. त्यानं पानावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट नारिंगी झालं होतं!

"बाई, हे पाहा ना. आमचं अख्खं वावर असंच झालं. मी फिरून आलो तर माह्या पँटलेही रंग लागला."

"अरे, हा तर तांबेरा!"

"आजी म्हणते, कोनाची तरी नजर लागली. पण बाई, धुऱ्याच्या पलीकडे काकाचं वावर हाये. तिथं काहीच नाही. मंग आमच्याच वावरात काहून?"

मी हजेरीपुस्तक मिटलं. हवा तीच, माती तीच, विहिरीचं पाणीही तेच. मधे फक्त एक धुरा. मग एकाचंच पीक का गेलं? मोठ्यांनाही चटकन सुचू नये असा प्रश्न होता हा.

आधी तांबेरा म्हणजे काय ते पाहू. ती एक बुरशी आहे. भाकरीवर येते ती बुरशी शिळ्या अन्नावर जगते, पण तांबेऱ्याला जिवंत झाडच लागतं. पानात शिरून तो झाडाचं अन्न खातो आणि मग पान फाडून पुड्या सोडतो. बोटाला लागते ती हीच पूड. तिला बीजाणू म्हणतात. एका ठिपक्यातून हजारो बीजाणू निघतात आणि वाऱ्यावर उडतात. माणसाला हा रोग होत नाही बरं का, पण गव्हाचा दाणा मात्र सुरकुतून जातो.

गव्हाचे तांबेरे तीन. खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी आणि पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा. पिवळ्याला थंडी जास्त लागते, म्हणून तो उत्तरेकडे. आपल्या विदर्भात भीती असते ती काळ्याची आणि नारिंगीची.

आता गंमत ऐका. नागपूरच्या मे महिन्यात तांबेरा जगूच शकत नाही. ते ऊन आपल्यालाच सोसत नाही, तर त्या पुडीला कुठून सोसणार? मग दरवर्षी तो येतो कुठून? आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी कित्येक वर्षं खपून याचा शोध घेतला. थंड डोंगरांवर तांबेरा उन्हाळा काढतो आणि तिथून वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो. पुढं १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की निलगिरीवरचे बीजाणू हिवाळ्याच्या सुरुवातीच्या वादळवाऱ्यांबरोबर मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाच्या सरींबरोबर पिकावर पडतात. म्हणजे तिकीट न काढता केवढा प्रवास!

ही पूड माणसांना किती रडवते, तेही ऐका. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२७ नंतरच्या काही वर्षांतली नर्मदा खोऱ्यातली हकीकत लिहून ठेवली आहे. मैलोन् मैल पसरलेला गहू असा गेला, की लोक कापणीच्या खर्चातही पडेनात. कुणी म्हणे पाप वाढलं, कुणी म्हणे शेजारच्या जवसामुळं रोग आला. १९४६-४७ मध्ये पुन्हा मध्य भारतात काळा तांबेरा पसरला आणि सुमारे वीस लाख टन गहू बुडाला. त्या आजीला नजर आठवली, यात तिचा काय दोष? कारण माहीत नसलं, की माणूस असंच काहीतरी धरून बसतो.

पण कारण आहे, आणि ते बियाण्यात आहे.

तुमचं नाक आईसारखं, केस बाबांसारखे, असं घरी म्हणतात ना? हे गुण ज्यांच्यामुळं येतात, त्यांना जनुकं म्हणतात. रोगाला दाद न देण्याचा गुणही असाच आईबापांकडून येतो. हे गव्हात पहिल्यांदा दाखवलं इंग्लंडमधल्या रोलंड बिफन यांनी, १९०५ मध्ये. रोगाला बळी पडणारा गहू आणि न पडणारा गहू यांचा त्यांनी संकर केला. पहिली पिढी सगळीच रोगट निघाली. पण तिच्या लेकरांत चारातलं साधारण एक रोप पिवळ्या तांबेऱ्यापुढं ताठ उभं राहिलं! गुण नाहीसा झाला नव्हता, लपला होता.

हे जनुक करतं तरी काय? समजा, ते झाडाच्या दारातला रखवालदार आहे. चोर आत शिरला, की हा त्याला त्याच्या चपलेवरून ओळखतो आणि ज्या खोलीत चोर शिरला ती खोलीच बंद पाडतो. म्हणजे झाड आपल्या तेवढ्याच पेशी मारून टाकतं. तांबेऱ्याला जिवंत पेशीच हव्यात, मग तो तिथंच उपाशी मरतो. पानावर उरतो फक्त एक बारीक सुकलेला ठिपका.

पण चोरही काही कमी नाही. चप्पल बदलून आला तर? रखवालदार त्याला ओळखत नाही! झाडातलं एक जनुक आणि बुरशीतलं एक जनुक यांची अशी जोडी असते, हे अमेरिकेत एच. एच. फ्लोर यांनी १९४० च्या दशकात शोधलं. तेही कशावर? जवसावर! ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो आणि ज्याला नर्मदाकाठी दोषी ठरवलं होतं, त्याच जवसाच्या तांबेऱ्यानं हे कोडं सोडवून दिलं.

आता सांगा, त्या मुलाच्या वावरात काय पेरलं होतं? घरचंच लोकवन. गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं हे वाण. पोळी छान होते, म्हणून घरोघरी आवडीचं. पण त्याच्या रखवालदाराला आजचे चोर ओळखू येत नाहीत. काकांनी मात्र अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं नवं, तांबेऱ्याला दाद न देणारं वाण पेरलं होतं. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना पूड सारखीच पडली, पण दारातले रखवालदार निराळे होते.

मग नवे रखवालदार आणायचे कुठून? बहुतेकदा जुन्या घरातून. आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः सांगली-साताऱ्याकडं, खपली गहू पिकतो. खीर करतात ना, तोच. त्याचं टरफल खपलीसारखं चिकटून बसतं, कांडल्याशिवाय सुटत नाही. ही खपली भारतातून अमेरिकेत गेली. तिथं स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी जगभरातले बारा गहू निवडले, त्यांत एक होती खपली. नावही तेच ठेवलं. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा तिथल्या स्टाइनवेडेल गव्हाशी संकर करून 'खपस्टाइन' केला. सोपं नव्हतं ते. खपलीत २८ गुणसूत्रं आणि पोळीच्या गव्हात ४२, त्यामुळं अशा संकराची बहुतेक रोपं वांझ निघतात.

खपलीतल्या एका रखवालदाराचं नाव आहे एस-आर-१३. १९९८ मध्ये युगांडात एक भयंकर काळा तांबेरा दिसला, यूजी-९९. जगातले कितीतरी गहू त्याच्यापुढं हरले, पण एस-आर-१३ त्याला अडवतो. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हे जनुक नेमकं शोधून काढलं. इथिओपियातल्या काही चोरांनी मात्र त्यालाही चकवलं आहे! म्हणून आता एकाच गव्हात दोन-तीन रखवालदार बसवतात. चप्पल बदलली तरी टोपीवरून ओळखणारा कुणीतरी हवाच ना! आपल्याकडं महाबळेश्वरला तर गव्हाच्या तांबेऱ्यासाठी खास संशोधन केंद्र आहे. तिथं नवी वाणं मुद्दाम तांबेऱ्याच्या तोंडी देऊन पारखतात.

त्या वर्षी आमच्या विद्यार्थ्याच्या घरी गहू विकत आणावा लागला. पिकवणाऱ्याच्या घरी विकतचा गहू! डबा उघडताना तो गप्प असायचा. पण नोव्हेंबरात धावत आला, "बाई, बाबानं बियाणं बदललं!" मी विचारलं, "आणि घरचं जुनं?" तो हसला. "आजीनं मडक्यात राख घालून ठेवलं. म्हणते, असू दे."

शहाणी आहे आजी! वावरात नवं पेरावं, पण जुनं पार संपवू नये. उद्याचा रखवालदार कुठल्या मडक्यात झोपला असेल, कुणी सांगावं? शंभर वर्षांपूर्वी कुणी खपली टाकून दिली असती तर?

तुमच्यासाठी काम: आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गव्हाची, ज्वारीची कोणकोणती वाणं होती. नावं लिहून काढा आणि आम्हाला पत्रानं कळवा. आणि पालकहो, घरचंच बियाणं वर्षानुवर्षं पेरत असाल, तर यंदा पेरणीआधी कृषी विद्यापीठात किंवा कृषी सहायकाकडं एकदा चौकशी करा.

भेटू या पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई